अंजनगावची लाल गाडी

ती गाडी आधी मी हेरली होती. अकोल्याचा माझा साडू हे कोणाला सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

अंजनगाव सुर्जीत कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं उभी होती. परदेशी, दोन माणसांची, उघड्या टपाची, धुळीखाली लाल. सरकीच्या वासानं आलेल्या उंदरांनी सगळं वायरिंग कुरतडलं होतं. मालकीणबाई म्हाताऱ्या, नवऱ्यामागं एकट्या. साडूकडे ओढून न्यायला ट्रॉली आहे, म्हणून त्याला सोबत नेलं. माझी चूक झाली असेल तर एवढीच.

मी फुटपाथवर जुन्या सायकली विकण्यापासून सुरुवात केली. अमरावतीत आज जुन्या गाड्यांचं दुकान आहे ते एका नियमावर: घ्यायच्या मालाचं तोंडभर कौतुक करायचं नाही. त्या दिवशी गाडी फारच मनात भरली होती, म्हणून उलटं बोलायला तोंड जरा जास्तच चाललं. टायरला लाथ मारली. म्हटलं, "इंजिन जाम, पत्रा सडलेला. निव्वळ भंगार हाये हे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "भंगारच हाये तं अंजनगावले कायले आले भाऊ? अमरावतीतलं सरलं का?"

डोकं सणकलं. मी तरातरा बाहेर आलो. निघून जाणं हाही सौद्याचाच भाग असतो. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत विकणारा नरम पडतो. साडू मात्र रुमालानं सीट पुसत आत रेंगाळला. त्याचं बोलणं मला बाहेर ऐकू आलं.

"काकू, तुमी बसल्या होत्या का याच्यात कदी?"

"नाई तं काय! सासरी याच्यातच आली मी. पदर काही डोक्यावर ठरे नाई!" बाई हसत होत्या.

पुढच्या बाजाराला मी गेलो, तेव्हा शेड रिकामी होती.

नंतर साडूचाच फोन आला, लाजही नाही. "साडभाऊ, इंजिन फिरूनच नाई राहिलं. काय करू?"

शिवी तोंडाशी आली होती. पण इंजिनाबद्दल कोणी विचारलं की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. म्हटलं, "प्लग काढ, आत डिझेल न् ऑइल सोड. मुरू दे. मंग हातानं फिरव. सेल्फ मारशीन तं याद राख." इंजिन सुटलं. घरच्या प्रत्येक लग्नात त्याच्या हाताचं कौतुक. माझी बायकोसुद्धा म्हणाली, "भाऊजींच्या हातात जादू हाये." मी पंगतीतून उठलो.

तो गाडी विकतोय असं कळलं, तेव्हा टायर घ्यायचं निमित्त करून अकोला गाठलं. त्यानं मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. किल्ली फिरवली. तो खर्जातला आवाज पाठीतून वर चढला आणि मला उतरावंसं वाटेना. कितीही पडो, न्यायचीच. भाव विचारायच्या आधी तोंडातून मात्र निघालं, "आवाज फाटका हाये. रंगही बाजारू."

साडू हसला. "मंग तुमाले कायले देऊ साडभाऊ? घरच्या माणसाले भंगार इकून पाप घेऊ काय?"

गाडी नागपूरच्या एका तरुण डॉक्टरनं घेतली. अकोल्याहून नेताना तो वाटेत माझ्या दुकानी थांबला. साडूनंच पाठवलेला, मला दाखवायला. उन्हात ती अशी चमकत होती की समोरच्या चहावाल्यानं गिऱ्हाईक सोडून धाव घेतली.

"या गाडीची तुमच्याइतकी पारख कोणाला नाही म्हणाले ते," डॉक्टर म्हणाला. "खरं सांगा, कशी आहे?"

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. हात काढवेना. डॉक्टर तरुण होता; आज ना उद्या त्याचं मन भरेल.

"भंगार हाये," मी म्हटलं. "इकाची झाली तं आधी मले सांगा."