टिकल्यांच्या मॅडम

टिकल्यांची पाकिटं आमच्या मॅडम डझनाने विकत घ्यायच्या आणि स्वतःच्या कपाळाला एकही लावायच्या नाहीत. घामाने खाज सुटते म्हणायच्या. त्या अंगणवाड्यांच्या सुपरवायझर होत्या, कामरगावकडच्या. मेडशीच्या आसपासच्या वीस अंगणवाड्या त्यांच्याकडे होत्या. त्यातल्या एकीत मी मदतनीस. खिचडी शिजवायची, झाडलोट करायची, पोरं गोळा करून आणायची.

टिकल्या लागायच्या तक्त्याला. दर महिन्याला त्या मोठ्या कागदावर वीस गावांची नावं लिहायच्या. वजन केलेल्या पोरांत कमी वजनाची जिथे जास्त, ते गाव वर. पाच-पाच नावांचा एक गट, आणि प्रत्येक गटाच्या बाजूला आमच्या भागाचा तळहाताएवढा नकाशा. असे एकाखाली एक चार नकाशे. गटातल्या पाच नावांना पाच रंग. नावापुढे लाल टिकली असली तर नकाशात त्या गावावरही लाल, हिरवी असली तर हिरवी. वाचता न येणारी बाईसुद्धा टिकली बघून आपलं गाव शोधायची. एवढा खटाटोप कशाला, नुसती यादी लावा, असं कोणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आकडा केवढा हाय ते मंग पाहू. तो कोणाच्या शेजारी बसला ते आधी पाहा."

मॅडम गोड बोलणाऱ्या नव्हत्या. मीही नाही, म्हणून आमचं जमलं. आल्या की पोरांच्या आधी खिचडी चाखायच्या. एकदा म्हणाल्या, "मावशी, तुमचा हात मिठाले भेते काय?" मी म्हटलं, उद्यापासून तुमीच या शिजवाले. त्या हसल्या आणि ताट वाढून घेतलं.

त्यांचा आमच्याकडचा पहिलाच हिवाळा. पावसाळ्यात दुसऱ्या नकाशात असलेली आमची वस्ती दिवाळीनंतर चौथ्यात, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाचांत जाऊन बसली. तक्ता नव्हता तेव्हाही दर हिवाळ्यात आमचे आकडे असेच सुधारायचे. बैठकीत बाया टोमणे मारायच्या, तुमच्याकडे पोरायले तूप पाजून राह्यले का वं? आमची सेविका लाजायची. मी मान वर करून बसायचे. जास्तीचा आहार पहिल्या नकाशातल्या गावांनाच मिळायचा. आपल्याला त्याची गरज नाही, याचाही मला तोरा होता.

चारच दिवसांत मॅडम वस्तीवर आल्या. सेविकेला काही न विचारता माझ्यापुढे तक्ता पसरला.

"चारी बाजूची गावं पहिल्या नकाशात, अन् मधातली तुमची वस्ती एकटीच शेवटच्यात. पाणी तेच, वावरं तेच, मजुरी तीच. मंग हे कसं, मावशी?"

मी म्हटलं, मले काय माईत. त्या उठल्या आणि वस्तीतून चालत निघाल्या. मी मागे. एकेका कुलपापाशी थांबून विचारायच्या, हे कुठं गेले? ऊसतोडीला. हे? तेही. पोरं? सोबत. त्यांची वजनं? आता नाहीत तर घेऊ कोणाची? त्यांची नावं आम्ही बाजूला ठेवायचो आणि जूनमध्ये परत चढवायचो. त्यात चोरी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. सगळे तसंच करायचे, असं आम्ही धरून चाललो होतो.

"परत येतात तवा कशी असतात?" त्यांनी विचारलं.

हे मला ठाऊक होतं. त्या पोरांत माझ्या पुतण्याची कोमल होती. आदल्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेल्या ट्रकमधून मीच तिला खाली घेतलं होतं. अडीच वर्षांची पोर, शेळीच्या करडाएवढं वजन. वजनकाटा आमच्या खोलीत टांगलेला होता, आणि जूनपर्यंत तिला कोणी त्यात बसवलं नाही. मीही नाही. हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ट्रक कधी परत येतो ते लिहून घेतलं. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रक परत आला त्याच दिवशी सगळ्यांची वजनं झाली. आमची वस्ती तक्त्यात सगळ्यात वर गेली, लाल टिकली. टोमणे मारणाऱ्या बायांना हसायला मिळालं. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं, तुमचं काम एकदम कसं पडलं? मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "पडलं नाही साहेब. आता दिसलं." त्यांना नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण जास्तीचा आहार आला. कोमलच्या मागे मी वाटी घेऊन फिरायचे. दिवाळीपर्यंत तिच्या गालावर मांस दिसायला लागलं. पुतण्या ट्रकमध्ये चढला तेव्हा मी पोरीला खाली ठेवून घेतलं.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला मी भाषण केलं नाही, खिचडी केली. मीठ बरोबर होतं म्हणाल्या.

नव्या मॅडम तरुण आहेत. सगळं मोबाईलवर करतात. या हिवाळ्यात पहिल्यांदा आल्या, मोबाईल बघितला आणि सेविकेला म्हणाल्या, छान, तुमचं काम चांगलं आहे. सेविका काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मॅडम, नऊ पोरं ट्रकमध्ये गेली. त्यायले धरून सांगा."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. नावं सांगा म्हणाल्या. मी सांगितली.