एक्केचाळीस नंबरचा दिवा

आमच्या दिवेवाल्या काकांनी आयुष्यात एकही स्क्रू फेकला नाही. जुन्या होल्डरचे, मोडक्या बिजागऱ्यांचे, कुठल्या कुठल्या कुलपांचे, सगळे स्क्रू बिस्किटांच्या डब्यांत मापाप्रमाणे भरून ठेवलेले. एकदा मी विचारलं, "काका, एवढ्या स्क्रूंचं लोणचं घालायचंय का?" तर म्हणाले, "मॅडम, निघालेला स्क्रू कुठेतरी बसायचा असतो." माणूस असा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं चार स्क्रूंवर येऊन अडणार आहे.

आम्ही दोघं काम करतो ते एक जुनं सिनेगॉग आहे, ज्यूंचं प्रार्थनाघर. समाजातली घरं एकेक करून परदेशी गेली, प्रार्थनेला पुरेशी माणसं उरेनात, तेव्हा उरलेल्यांनी त्याचं संग्रहालय केलं. त्याला आता तीस वर्षं झाली. मी तिथली कार्यक्रम अधिकारी. शाळांच्या सहली, व्याख्यानं, गाण्यांची संध्याकाळ, मुलांची अक्षरलेखनाची कार्यशाळा, हे सगळं माझ्या डोक्यातून निघतं. आणि माझं डोकं, काकांच्या मते, जरा जास्तच चालतं.

काका संग्रहालयाच्याही आधीचे. बाविसाव्या वर्षी हाताखाली काम शिकून नुकतेच बाहेर पडले होते, इथे वायरिंगच्या दुरुस्तीला आले आणि इथलेच झाले. आता सत्तरीत आहेत. ते स्वतः त्या धर्माचे नाहीत, पण त्यांचा जीव जडलाय तो उजव्या भिंतीवरच्या स्मृतिफलकावर. लाकडी चौकटीत दोनशे बारा पितळी पाट्या, प्रत्येक पाटीवर गेलेल्या माणसाचं नाव, आईवडिलांची नावं आणि तारीख, शेजारी बोराएवढा बल्ब. त्या माणसाची तिथी आली की बल्ब लावायचा, दुसऱ्या दिवशी विझवायचा. स्विच नाही. बल्ब अर्धा फेरा फिरवला की लागतो, अर्धा उलटा फिरवला की विझतो. तिथ्या चंद्रावर चालतात, म्हणून दरवर्षी तारखा सरकतात. त्याचं कोष्टक जुन्या सचिवांनी काकांना एका वहीत करून दिलं होतं, आणि ती वही काका स्वतःच्या चष्म्याहून जपतात. काकू म्हणतात, "लग्नाचा वाढदिवस सोडून जगातल्या सगळ्या तारखा ह्यांना पाठ."

एवढी देखणी गोष्ट भिंतीवर नुसती पडून आहे, हे मला बघवेना. मी शाळांसाठी कार्यक्रम काढला. प्रत्येक मुलाला पाटीवरच्या एका माणसाचं कार्ड द्यायचं, मुलानं पाटीसमोर उभं राहून ती गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि वाचून झालं की काकांनी तो दिवा लावायचा. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिथी नसताना दिवा लागणार नाही. वाचायचं ते वाचा." मी चिडले. संचालकांकडे गेले. संचालक म्हणाले, "काकांचं ऐका." मग नुसतं वाचायचं ठरलं.

कार्डं मी केली. जन्माच्या वह्या, जुनी पत्रं, दफनभूमीची नोंदवही, सगळं धुंडाळलं. एक्केचाळीस नंबरची पाटी तेवीस वर्षांच्या मुलीची होती. डावीकडे चाळीसवर तिची आई, उजवीकडे बेचाळीसवर वडील, मध्ये ती. तिचा जन्म वहीत सापडला. दफनाची नोंद काही सापडेना. मी मनाशी म्हटलं, पान फाटलं असेल. कशानं गेली तेही कळेना, आणि मुलांना तर कारण लागतं. म्हणून मी लिहून टाकलं: तापाची साथ.

काकांनी कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. "मॅडम, हा ताप कुठून आला?"

"काका, त्या काळी तापच असायचा."

"तिचे वडील एकोणीस वर्षं इथे येत होते. तिच्या तिथीला स्वतःच्या हातानं दिवा लावायचे, दिवसभर त्या बाकावर बसून राहायचे. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. जिथे माहीत नाही तिथे मोकळं सोडावं."

मी हे ऐकलं, आणि काय केलं असेन? वडील, बाक आणि एकोणीस वर्षं, तेही कार्डात घातलं. फारच छान झालं कार्ड. प्रत्येक सहलीत ते मी सगळ्यात खणखणीत आवाजाच्या मुलाला द्यायचे. शिक्षिका डोळे पुसायच्या आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या मंगळवारी सातवीचा वर्ग आला. बरोबर शिक्षिका आणि मदतीला एक आजी. लेकीला ऑफिसमधून रजा नव्हती म्हणून नातीबरोबर आल्या होत्या. परगावाहून काही दिवसांसाठीच आलेल्या. वय सत्तरीचं, केस बारीक कापलेले, पायात कापडी बूट. मुलं बाकांवर बसेपर्यंत त्या मागच्या भिंतीकडे गेल्या आणि जिन्याचं दार उघडून वरच्या बायकांच्या सज्ज्यात जाऊन बसल्या. तिथे शेजारी शेजारी दोन सारखी दारं आहेत. येणारा प्रत्येक माणूस आधी झाडूच्या कपाटाचं दार उघडतो. आजींनी बरोबर दार उघडलं. मी पाहिलंही, पण माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

एका मुलीनं एक्केचाळीसचं कार्ड वाचायला घेतलं. छान ठासून वाचत होती. "ही मुलगी फक्त तेवीस वर्षांची होती. तापाच्या साथीत ती अचानक गेली. तिचे वडील एकोणीस वर्षं..."

"ताप नव्हता," वरून आवाज आला.

सगळ्या माना वर झाल्या. आजी कठड्याला धरून उभ्या होत्या.

"लग्न होतं," त्या म्हणाल्या.

दोन मुलं फिसकन हसली. मला आधी वाटलं म्हातारीला भ्रम झालाय, आणि मग त्यांचा चेहरा दिसला. तो भ्रम झालेल्या बाईचा नव्हता. शिक्षिका शहाणी. तिनं टाळ्या वाजवून मुलांना खिडक्यांची चित्रं काढायला अंगणात नेलं. आजींची नात मागे रेंगाळली, तिलाही हात धरून नेलं.

आजी जिना उतरून आल्या. फलकासमोर उभ्या राहिल्या, पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. मी आणि काका मागे उभे.

"हे माझं नाव आहे," त्या म्हणाल्या. मग बोट डावीकडे नेलं. "ही आई. मी दहा वर्षांची होते तेव्हा गेली." मग उजवीकडे. "हे बाबा." आणि पुन्हा मधल्या पाटीवर. "ही तारीख माझ्या लग्नाची."

त्या काळी काही घरांत, अगदी मोजक्या, असं व्हायचं हे मी पुस्तकात वाचलं होतं. मुलीनं धर्माबाहेर लग्न केलं की तिला मेली असं समजून सुतक पाळायचं. त्यावर मी व्याख्यानही ठेवलं होतं, चहापानासकट. पण पितळेवर कोरलेलं मरण समोर आणि ते मेलेलं माणूस कापडी बुटांत शेजारी, हे त्या व्याख्यानात कुठेच नव्हतं.

"कुणी लावली ही?"

"मी," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "अठ्ठेचाळीस वर्षं झाली. इथलं माझं पहिलं काम. तुमच्या वडिलांनी पाटी आणून दिली. इथल्या समितीला त्यांनी सांगितलं होतं, मुलगी परगावी वारली."

"मी पत्रं लिहीत होते हो त्यांना. दर वाढदिवसाला. उत्तर आलं नाही की वाटायचं, रागावलेत. रागावलेला माणूस कधीतरी निवळतो, म्हणून पुन्हा लिहायचे. मला मारून टाकलंय हे कुणी कळवलंच नाही." त्या बाबांच्या पाटीकडे वळल्या. "आणि एकोणीस वर्षं दिवा लावायला येत होते?"

"एकही वर्ष चुकवलं नाही. ते गेल्यावर मी लावतो. मला तसं बजावून ठेवलं होतं."

आजी पाटीकडे आणखी वाकल्या. "हे ओरखडे कसले?"

पाटीच्या चार कोपऱ्यांतल्या एका स्क्रूभोवती पितळ खरवडलेलं होतं. मी ती पाटी शेकडो वेळा मुलांना दाखवली असेल, मला ते ओरखडे कधी दिसले नव्हते. मी वळून पाहिलं तर काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. ते हळूच बाकावर टेकले. त्याच बाकावर.

"काका, पाणी आणू?"

"त्यांनी काढायला घेतली होती," काका म्हणाले. माझ्याशी नाही, आजींशीही नाही. "शेवटच्या वर्षी. तिथी नव्हती तरी आले. संग्रहालय होऊन वर्षही झालं नव्हतं. मी आतून आलो तर चष्मा कपाळावर सारून ते नाण्यानं स्क्रू फिरवत होते. नाणं सटकत होतं. मी म्हटलं, साहेब, आता असं हात लावता येत नाही, पाटी हलवायची तर समितीला अर्ज द्यावा लागेल. ते म्हणाले, अर्जात काय लिहू? मला वाटलं, म्हातारपण आहे. मी त्यांना हाताला धरून दारापर्यंत सोडलं. महिन्यातच गेले."

अर्जात काय लिहू. अर्ज द्यायचा म्हणजे आधी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं की मुलगी जिवंत आहे आणि आपण खोटं बोललो. त्या माणसाला एवढंच जमण्यासारखं होतं, गुपचूप एका नाण्यानं. आणि तेही आमच्या नियमानं अडवलं.

"स्क्रू किती फिरला होता?" आजींनी विचारलं.

"अर्धा फेरा." काकांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "ते गेल्यावर मी तो पुन्हा आवळला, ताई."

अंगणातून मुलांच्या रंगपेट्यांचा खडखडाट ऐकू येत होता. मला त्या क्षणी दोघांपैकी कुणाकडेच बघवेना. मी आपली खिडकीकडे बघत राहिले.

आजींनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तुमचं काम केलंत." मग म्हणाल्या, "आता ती काढा."

काका उठले. वरच्या खिशातला टेस्टर काढला. आणि मी, तीस वर्षांच्या संस्थेची कार्यक्रम अधिकारी, तोंड उघडून बोलून गेले, "काका, तिची संग्रहात नोंद आहे, आधी परवान..." शब्द अर्धाच बाहेर पडला आणि मी स्वतःच ओठ मिटले. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

तीन स्क्रू सहज निघाले. चौथा, ओरखड्यांमधला, हलेना. टेस्टर खाचेतून सटकत होता. आजींनी एका हातानं पाटी दाबून धरली आणि दुसरा हात काकांच्या मनगटाखाली टेकू म्हणून दिला. शेवटी कुरकुरत तो निघाला. पाटीखालचं लाकूड कोरं होतं, नुकताच रंधा मारल्यासारखं. आजींनी ती पितळी पाटी पालथी करून पाहिली, पदराला पुसावी तशी कुडत्याला पुसली आणि पर्समध्ये टाकली.

"बाबांचा दिवा कधी असतो?"

"गेल्या महिन्यात होऊन गेला," काका म्हणाले. आणि मग तिथी नसताना कुणासाठीही दिवा न लावणाऱ्या त्या माणसानं बाजूला सरून बेचाळीसकडे हात केला. "लावा."

आजींनी बल्ब अर्धा फेरा फिरवला. तो लागला. त्या बघत राहिल्या, नातीनं चित्र दाखवायला हाक मारेपर्यंत. जाताना त्यांनी काकांच्या वहीत आपला फोन नंबर लिहून दिला. मी नोंदवहीत लिहिलं: क्रमांक एक्केचाळीस, मूळ मालकिणीला परत. संचालकांनी खुलासा मागितला. मी चार पानी खुलासा दिला. त्यांनी तो वाचला आणि विषय पुन्हा काढला नाही. सगळी कार्डं मी पुन्हा लिहायला घेतली. आता अर्ध्याहून जास्त कार्डांवर "माहीत नाही" आहे. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

काका मात्र त्या दिवसापासून खचल्यासारखे झाले. पाट्या पुसता पुसता मध्येच हात थांबायचा. काकूंचा मला फोन यायचा, "हे जेवत नाहीत धड."

वर्ष फिरलं. एक्केचाळीसची तिथी आली. मी आले तेव्हा काका फलकासमोर वही उघडून उभे होते. तारखेवर काट मारलेली, शेजारी फोन नंबर. "दिवा तर नाही लावायचा," ते म्हणाले. "पण या दिवशी मी त्यांचं काही केलं नाही असं झालं नाही कधी." त्यांनी नंबर लावला. बेल वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा लावला. काकांचा श्वास मला ऐकू येत होता. बाई सत्तरी ओलांडलेली. काय सांगावं? तिसऱ्यांदा लावला. सातवी बेल, आठवी बेल.

"अहो, अंघोळीला गेले होते," पलीकडून आजींचा आवाज आला. "दोनदा फोन नाही उचलला तर लगेच पाटी लावायला घेतलीत की काय?"

काकांनी फोन कानाला घट्ट धरला होता. "नाही ताई," ते म्हणाले. "ते चारही स्क्रू मी फेकून दिलेत."