जात न सांगणाऱ्यास घर हवे

निपाणीला वडिलांचा छोटा छापखाना होता, आणि मी पत्रकं वाचतच मोठा झालो. छापलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द, असं ते म्हणत. म्हणून बंगळूरला घर शोधताना मी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून नेत असे आणि मालकापुढे वाचून दाखवत असे. बायको तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी होती. तिचं पत्र आलं होतं, 'घर मिळेपर्यंत मी येत नाही. मुलगी आता हसायला लागली आहे.'

मल्लेश्वरमचं एक घर 'हवेशीर, स्टँडपासून पाच मिनिटं' होतं. खिडक्यांना झडपाच नव्हत्या. चालायला मला वीस मिनिटं लागली.

"पाच मिनिटं जटक्याने," मालक म्हणाले. जटका म्हणजे तिकडचा टांगा.

"आणि जटका मिळायला?"

"ते कुठे छापलंय?"

पुढची ओळ होती, 'फक्त शाकाहारी कुटुंबास'.

"आम्ही अंडंही खात नाही," मी म्हणालो.

"छान. पण तुम्ही कोण?"

"शाकाहारी."

"म्हणजे कोण?"

"भाजी खाणारे."

मग त्यांनी कुलदैवत विचारलं, आजोळ विचारलं, बहीण कुठे दिली ते विचारलं. मी म्हणालो, "जातच हवी तर तसं छापा की."

"छे! बरं दिसतं का ते?"

अशी अकरा घरं गेली. कचेरीतले सगळे म्हणत, "सांगून टाक ना बाबा." त्याऐवजी मीच जाहिरात लिहिली: 'घर हवे. भाडेकरू जात सांगणार नाही. वाद घालतो. मूल रडते.' वर्तमानपत्राच्या कारकुनाने ती दोनदा वाचली.

"सार, यात चांगलं काहीच नाही?"

शाकाहारी होतो, पण तो शब्द छापायची माझी तयारी नव्हती.

एकच पोस्टकार्ड आलं, जयनगरहून. मालक म्हातारे कापडवाले, मराठीच, पण कितीतरी पिढ्या इथेच राहिलेले.

"या अण्णा. छप्पर गळतं. मोरीत बेडूक आहेत. आणि मी जात विचारणार, रोज."

"मी सांगणार नाही, रोज."

"सरी," म्हणजे 'बरं', म्हणाले आणि किल्ली दिली.

बायको आणि मुलगी त्याच आठवड्यात आल्या. रोज सकाळी मालक पूजेची फुलं तोडता तोडता खिडकीशी थांबत. "अण्णा, आज स्वल्प तरी?" "नाही." "सरी." दोन महिने हे चाललं. तत्त्व कसं टिकवलं ते मी वडिलांना सविस्तर कळवलं.

एकदा बायकोला म्हटलं, "एवढं विचारून म्हातारा दमत कसा नाही?"

ती तांदूळ निवडत होती. "अहो, त्यांना पहिल्याच दिवशी कळलंय. मी विरजण मागायला गेले, तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं. मी सांगितलं, तीन पिढ्यांसकट."

"मग अजून का विचारतात?"

"थांबले तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीशी आले. मी नेहमीपेक्षा मोठ्याने 'नाही' म्हणालो.