बसच्या गिऱ्हाइकाचा पुडा

परवा अकोल्याहून अमरावतीला येताना आमची गाडी चहासाठी थांबली. नातीनं बिस्किटाचा पुडा फोडला, तसा खवट तेलाचा वास आला. "आजी, याची तारीख तर कवाच गेली," म्हणत ती पुडा परत करायला गेली. वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पातूरच्या रस्त्यावर, बसथांब्यापाशी आमचं किराण्याचं दुकान होतं. गल्ल्यावर मी बसायची, मोठी शहाणी. जुन्या पुड्यांवरची तारीख रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची. गावच्याला ताजं द्यायचं आणि बसच्याला जुनं, हा माझाच शोध. गावचा माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, बसचा कुठून येणार?

एका दुपारी बसचं चाक पंक्चर झालं आणि ती तासभर थांबली. माझ्याकडून पुडा नेलेली बाई ओकणारं लेकरू कडेवर घेऊन परत आली.

"बाई, बिस्कीट बरं होतं ना वं?"

"माहे लेकरंबी हेच खातात," मी म्हटलं. जराही अडखळले नाही, याचा तेव्हा केवढा अभिमान वाटला मला.

"मंग ऊनच लागलं असन याले," ती म्हणाली. तिथंच बाकावर बसून तिनं त्याच पुड्यातलं आणखी एक बिस्कीट पाण्यात भिजवलं आणि त्याला भरवलं. मी बघत राहिले. चाक बसलं, बस गेली.

ते लेकरू आज पस्तिशीचं असेल, असं मी धरून चालते. दुसरं काही धरायची आता ताकद नाही.