चिपमधली नंदा

मी नर्स आहे. पेशंटचे नातेवाईक कॉटला लिंबू-मिरची बांधतात आणि मी ती त्यांच्यादेखत सोडून डस्टबिनमध्ये टाकते. मी असलं काही लिहितेय म्हटल्यावर वॉर्डातल्या मुली हसतील... हसू देत.

मी परभणीजवळच्या पिंगळीची. नंदा सोनपेठची, तिचं नाव मी इथे बदललंय. नर्सिंगची तीन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. दुबईच्या एका हॉस्पिटलात दोघींची नोकरी पक्की झाली, तेव्हा पासपोर्टही बरोबरच काढले. फोटोला मागे पांढरा पडदा असतो आणि मी नेमकी पांढरा ड्रेस घालून गेलेली!

"येडी हायस का गं?" म्हणत नंदाने स्वतःची मरून ओढणी माझ्या गळ्यात टाकली.

पासपोर्ट नवे, चिपवाले. नाव, फोटो, सगळं त्या चिपमध्ये, आणि ते कुणाला बदलताच येत नाही, असं पासपोर्ट कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या. मला ते फार आवडलं होतं.

हैदराबाद विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत नंदा माझ्या पुढे होती. तिचा शिक्का झाला, ती पलीकडे जाऊन थांबली. काउंटरवरच्या साहेबांनी माझा पासपोर्ट मशीनवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, परत माझ्याकडे... आणि स्क्रीनच माझ्याकडे वळवली.

नाव माझं. जन्मतारीख माझी. चेहरा नंदाचा — हनुवटीवरच्या तिळासकट! पानावर छापलेला फोटो मात्र माझाच होता.

"ये कौन है?"

"नंदा है साब, मेरी मैत्रीण. वो क्या, उधर खडी है."

त्यांनी तिला बोलावलं. "इनको जानती हो?"

नंदाने पासपोर्ट छातीशी घट्ट धरला होता. माझ्याकडे एकदा बघितलं.

"नै साब. मैं इनको नै जानती."

इनको!

तिचा पासपोर्ट परत तपासला. त्यात तिचाच चेहरा, म्हणून तिला जाऊ दिलं. ती मागे वळली नाही. मला आत नेलं. तिथल्या मशीनवर माझा चेहरा आला. पहिल्या मशीनवर पुन्हा ठेवला, तरी माझाच. सोडलं तोवर विमान गेलं होतं, आणि हॉस्पिटलने माझी जागा दुसरीला दिली.

नंतर तिचा फोन आला. "मीने, लय भ्याले गं मी. वाटलं, दोघींचं बी जातंय आता."

"माझं तर गेलंच की," मी म्हणाले. मग ती तिकडच्या उन्हाचं सांगत बसली. इतका संताप आला की फोनच ठेवला. तिची आई अजून एसटीच्या कंडक्टरजवळ माझ्यासाठी वाळवणाच्या खारोड्या देते. त्या माउलीला काय सांगू?

पासपोर्ट कार्यालयात दाखवून आले. चिप ठीक आहे, कुणी हात लावलेला नाही, असं होऊच शकत नाही म्हणाले. दोघींच्या चिपांची अदलाबदल झाली म्हणावं, तर नावं कशी बरोबर येतील?

एक मात्र कुणाला बोलले नाही. स्क्रीनवर तिचा चेहरा दिसला तेव्हा मला भीती वाटलीच नव्हती. उलट हायसं वाटलं होतं... म्हटलं, नंदाच तर आहे, ती सांगेल ना मी कोण ते.