अकरा महिन्यांपुरतं मागणं

एप्रिल संपत आला होता तेव्हा घरमालक दारात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, मे अखेरपर्यंत खोल्या मोकळ्या करा. पर्यटकांसाठी द्यायच्यात."

मी मान हलवली. तो गेला. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाला गो तो?"

मी सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"तेच तर. बाटलीला बूच असतं तसं तोंडाला बूच तुझ्या."

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा आमच्या वेळणेश्वरकडच्या वाडीपासून लांब होती. पण न बोलण्याचं कारण ते नाही. परक्या माणसापुढे उभं राहिलं की माझा घसाच बंद होतो, लहानपणापासून. लग्न खलाशाशी झालं आणि न बोलून भागेनासं झालं, कारण घरातला बोलणारा माणूस सदा दर्यावर. त्या मे महिन्यात तर फारच. जूनपासून मासेमारी बंद, म्हणून शेवटच्या दिवसांत बोटी नुसत्या येतात, मासळी उतरवतात, बर्फ भरतात आणि परत जातात. हे घरी आले ते आंघोळीपुरते. जाताना म्हणाले, "तूच बघ काय ते. मी समुद्रातून घर शोधू काय?"

घर कसं हवं ते सांगायला सोपं होतं. मी मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाते. बोट लागली की निरोप येतो, त्याला वेळकाळ नाही, त्यामुळे शेड चालत जाण्याच्या अंतरावर हवी. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून जिना नको. भाडं आम्हाला झेपेल असं हवं. आणि मासळीला नाक मुरडणारा मालक नको. एवढंच. पण या चारांपैकी तीन गोष्टी मिळाल्या की चौथी हटकून सुटायची.

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रस्त्याने जाताना बंद दार दिसलं की पाय थांबायचे. कुलूप गंजलेलं असलं तर मनात यायचं, आत कोणी राहत नाही, किती खोल्या असतील, पाणी असेल का. भाजी घ्यायला गेले तरी लक्ष भाजीवाल्याच्या मागच्या खिडक्यांकडे. सोलताना कोळंबीचा काटा बोटात गेला तरी कळायचं नाही.

नाचण्याला एक जागा पाहिली, नवी इमारत, तिसरा मजला. लिफ्ट होती. पण पावसात लाईट गेली की सासूबाई वरच अडकणार. कुवारबावला तळमजला मिळत होता. मालकीणबाई चांगली होती, पाणी दिलं, बसा म्हणाली. मग विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. तिचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त ती खुर्ची जरा मागे घेऊन बसली. "आमचं काही नाही हो, पण शेजारचे बोलतात," म्हणाली. येताना बसमध्ये मी हातांचा वास घेतला. लिंबू चोळा, कोकम चोळा, तो वास जात नाही. मला तर तो येतही नाही, तेच वाईट.

शेडमधल्या एकीने सांगितलं म्हणून लांब हायवेवरच्या हातखंब्यालाही जाऊन आले. खोली मोठी, पुढे ओटा, भाडंही कमी. पण परतीच्या एसटीची वाट बघत रस्त्याकडेला उभी राहिले, ट्रकमागून ट्रक धूळ उडवत गेले, आणि तिथेच समजलं की इथे राहिले तर काम सोडावं लागणार. आणखी एका ठिकाणी मालकाने विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे असतात?" म्हटलं, दर्यावर. "मग बाईमाणूस एकटीच राहणार?"

हे घरी सांगितलं तर सासूबाई उसळल्या. "एकटी? आणि मी कोण? मला काय सुकवायला घातलंय?"

मे अर्धा गेला. सगळ्या बायका आगोटीची तयारी करत होत्या, पावसाळ्यासाठी सुके बोंबील, सोडे, मीठ-मसाला भरून ठेवत होत्या. मी काहीच भरलं नाही. डबे कुठे ठेवायचे तेच माहीत नव्हतं. सासूबाई रोज रिकाम्या डब्यांकडे बघायच्या आणि उसासा टाकायच्या, मला ऐकू जाईल असा.

मग ते घर मिळालं. म्हणजे दिसलं. शेडवरून चढणीने वर गेलं की आंब्याच्या झाडांत एक जांभ्या दगडाचं बसकं घर आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर, उन्हाळ्यातही पाणी असलेली. एकही पायरी नाही, सपाट उंबरा. मालक मुंबईला, किल्ली शेजारी राहणाऱ्या त्याच्या काकीकडे. काकी सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण डोळे तेज. मी दारात गप्प उभी राहिले तेव्हा त्याच म्हणाल्या, "घर बघायला आलीस ना? मग बघ. मला बघून काय करशील?"

मी बघितलं. विहिरीत वाकून बघितलं, चुलीची जागा बघितली. यात काहीतरी खोट निघणारच, अशी आता सवय झाली होती. मी आधीच सांगून टाकलं, "मी कोळंबी सोलते. वास येतो."

"मग? मला काय अत्तराचा कारखाना चालवायचाय?" काकी म्हणाल्या. "दोन कॉलेजची पोरं आलीयत विचारायला. पैसे हातात घेऊन उभी आहेत. पण ती दिवा लावणार नायत. आणि त्याचं कोण करणार?"

त्यांनी मागे बोट दाखवलं. विहिरीपलीकडे एका झाडाखाली काळा दगड होता, शेंदूर लावलेला, पुढे नारळाच्या जुन्या करवंट्या. राखणदार. आमच्याकडेही असतो. जागा कागदावर कोणाच्याही नावावर असो, ती राखतो तो. वर्षाला त्याचा मान द्यायचा, आणि नवं माणूस राहायला येताना नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून त्याला सांगायचं.

"गाऱ्हाणं घातलं की किल्ली," काकी म्हणाल्या. "घालणारा पुरुषमाणूस हवा खरा, पण वाडीतला म्हातारा मुलाकडे सावर्ड्याला गेलाय. तुझा घोव कधी येतो?"

"दर्या बंद झाल्यावर."

"तोवर पोरं थांबायची नायत. तूच घाल. जी चूल पेटवणार तिने बोललं तरी त्याला चालतं."

मी घरी आले ती घाम पुसतच. मोठ्याने बोलायचं, तेही देवापुढे, काकीच्या समोर. सासूबाईंनी शिकवलं. आधी त्याला हाक मार, मग आपण कोण, कुठल्या, का आलो ते सांग, मग सांभाळ म्हण, शेवटी चुकलंमाकलं पदरात घे म्हण. मी स्वयंपाक करताना, भांडी घासताना तेच पुटपुटत होते. शेडमध्ये शेजारची म्हणाली, "काय गो, कोळंबीला मंत्र घालतेस?"

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन गेले. काकी माझ्यामागे हात जोडून उभ्या राहिल्या. मी नारळ ठेवला आणि सुरू केलं. "हे राखणदारा, बाबा, आज तुझ्या पायाशी आलेय."

"व्हय म्हाराजा," काकी मागून म्हणाल्या. गाऱ्हाण्यात तसंच असतं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला व्हय म्हणून ते पक्कं करायचं.

"मी वेळणेश्वरकडची, दर्यावरच्या माणसाची बायको."

"व्हय म्हाराजा."

इथपर्यंत बरोबर होतं. पुढे काय ते मला आठवेना. डोळ्यांसमोर ते हातखंब्याचे ट्रक, ती मागे सरकलेली खुर्ची, रिकामे डबे. घसा बंद व्हायच्या आत काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले, आणि मोठ्याने बोलले, "आता फिरून फिरून दमले बाबा. हे घर आमचं असू दे. इथून आम्हाला कोणाला उठवू देऊ नको."

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाल्या.

मी वळून बघितलं. काकींचा हात तोंडावर होता.

"अगो, हे काय मागितलंस?" त्या म्हणाल्या. "घरच मागून घेतलंस! आणि मी व्हय म्हटलं!"

मी म्हटलं, चुकून बोलले. पण त्याच्यापुढे चुकून असं काही नसतं हे मलाही ठाऊक होतं. मी भाड्याने राहायला आलेली, आणि मी घर मागितलं होतं. घराच्या बाजूने उभ्या असलेल्या बाईने सवयीने हो म्हटलं होतं. काकींनी तिथेच मुंबईला फोन लावला. पलीकडे पुतण्या हसत होता, मलाही ऐकू येत होतं. "काकी, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. कोण घर घेणार आहे आपलं?"

"तुझा कागद तुझ्याजवळ," काकी फोनमध्ये ओरडल्या. "इथे त्याच्यासमोर मी रोज पाणी भरते!"

फोन ठेवून त्यांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "आज नको. मला विचार करू दे."

मी चढण उतरले ती कशी ते आठवत नाही. आपल्या तोंडाने गेलं, असं वाटत होतं. एरवी बोलत नाही म्हणून जातं, या वेळी बोलले म्हणून गेलं. सासूबाईंना सांगताना रडू आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

"बरं केलंस," म्हणाल्या. "मागायचं तर पोटभर मागावं."

"पण किल्ली दिली नाही ना."

"मग आता उद्या परत जा. आणि नारळ घेऊन जा, रिकाम्या हाताने नको."

सकाळी शेडमध्ये हात चालेना. काम संपताच चढण चढले. वाटेत दोन तरुण मुलं मोटरसायकलवरून खाली येताना दिसली, किल्ली घेऊनच चालली असणार असं वाटलं. काकी विहिरीपाशीच होत्या. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला.

"पोरांना नको म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "एकदा व्हय म्हटल्यावर तुला घालवून दुसऱ्यांना कसं ठेवू? त्याचा कोप मी ओढवून घेऊ? पण घर कायमचं तुला कसं द्यायचं, ते माझं नाय. तू उभी राहा माझ्यामागे. आज मी बोलते."

त्यांनी दगडापुढे नारळ ठेवला. वाकलेल्या कमरेने जेवढं ताठ होता येईल तेवढ्या ताठ झाल्या.

"हे राखणदारा, काल ही पोर घाबरून बोलली आणि मी म्हातारी न ऐकता व्हय बोलले. दोघींचं चुकलंमाकलं पदरात घे."

त्यांनी मागे वळून बघितलं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"हिने जे मागितलं ते अकरा महिन्यांपुरतं धर. तोवर हिला कोणाला उठवू देऊ नको. पुढचं पुढल्या साली बोलू."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. काकींनी पदराची गाठ सोडली.

हे जूनमध्ये बोटीवरून आले ते नव्या घरीच. तोवर मिळेल ते सुकं आणून मी डबे भरले होते, आणि सासूबाई पडवीत पाय पसरून शेजारपाजाऱ्यांना गाऱ्हाण्याची गोष्ट सांगत होत्या, स्वतःच घातल्यासारखी.

त्यानंतर दोनदा करार नवा झाला. कागदावर सही हे करतात, पण नारळ मलाच ठेवावा लागतो. काकी आता काठी टेकून मागे उभ्या राहतात आणि आधी बजावतात, "अकरा महिने म्हणायला विसरू नको हां." मी विसरत नाही. यंदाही मोठ्याने, स्पष्ट म्हटलं. पण अकरा महिने म्हटल्यावर मी क्षणभर थांबते, आणि पहिल्या दिवशीचं मागणं मनातल्या मनात मागते. काकींना वाटतं मला पुढचं आठवत नाही. त्या थोडा वेळ वाट बघतात, आणि मग सवयीने म्हणतात, व्हय म्हाराजा.

रस्त्याने जाताना गंजलेलं कुलूप दिसलं की अजूनही माझे पाय थांबतात.