मायचं गाळलेलं रक्त

मेहकरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक सुरू झाली की माय नाकातोंडाला पदर बांधून चाळणीवर जायची. तिथल्या बायांमध्ये तीच सगळ्यांत जुनी. माती, भुसा, फोलपटं दिवसभर अंगावर उडायची. त्याच मजुरीवर तिनं माझं शिक्षण केलं. मी लॅब टेक्निशियन झाले, सरकारी दवाखान्यात लोकांचं रक्त काढू लागले, आणि इकडे तिचा दमा वाढत गेला.

पंप झाले, गोळ्या झाल्या, वाफ झाली. शेवटी शेवटी तिला आडवंही होता येईना. खुर्चीत उशी कवटाळून, पुढे वाकून बसायची. एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागे. मजुरी सुटली होती, पण दमा सुटला नव्हता.

तिचं रक्त मीच काढलं. ॲलर्जीच्या प्रतिपिंडांचा रिपोर्ट आला, त्यात आकडाच नव्हता. मशीनच्या मर्यादेपेक्षा जास्त, एवढंच. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर मी सही करून पुढे सरकवला असता. त्या दिवशी मात्र मी बराच वेळ तो कागद धरून उभी होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. "या प्रतिपिंडांना बांधून ठेवणारं इंजेक्शन आहे, पण यांच्या पातळीला त्याचा डोसच बसत नाही. रक्तातून ती गाळून काढून बघता येईल. दम्यासाठी हे फार थोड्या लोकांवर केलं गेलंय. खात्री देणार नाही."

मायनं माझी बाही ओढली. "काय म्हन्ते थो?"

"तुह्यं रक्त बाहेर काढतीन, गाळतीन, आन् परत देतीन."

"नाही गाळलं तं?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग गाळू दे."

तिच्या मानेत जाड नळी घातली. रक्त एका मशीनमध्ये जायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं व्हायचं, प्रतिपिंडं अडकवणाऱ्या एका नळकांड्यातून फिरून पुन्हा तिच्याकडे यायचं. रोज काही तास. रक्ताचं मला भय नव्हतं, पण नळीतून वाहणारं ते माझ्या मायचं आहे हे डोक्यातून जाईना.

"ओठायले मुंग्या येऊन राह्यल्या वं," ती नर्सला म्हणाली. पुण्याच्या त्या मुलीला काही कळेना. मी मराठीतलं मराठीत सांगितलं, तेव्हा तिनं घाईघाईनं कॅल्शियम लावलं.

तिसऱ्या वेळेनंतर माय आडवी झोपली. सपाट, पाठीवर. मी बाजूला बसून तिची छाती वरखाली होताना पाहत राहिले. उठल्यावर तिनं कुठंही न थांबता, एका दमात पुण्याच्या चहाला शिव्या दिल्या. मी हसता हसता रडले. पातळी उतरली होती. इंजेक्शनही सुरू झालं. आम्ही घरी आलो.

दोन आठवड्यांनी मी कामावर असताना फोन आला. चाळणीवरच्या बाईचा. "पोरी, तुही माय पडली वं इथं!"

ऑटोतून तिला माझ्याच दवाखान्यात आणलं. ओठ निळे, डोळे पांढरे. शीर कुणालाच सापडेना, ती मी शोधली. सुई बरोबर बसली. तिथून मोठ्या दवाखान्यात हलवलं, श्वासाच्या मशीनवर टाकलं. घशातली नळी निघाली तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "काऊन गेली तू तिथं? काऊन?"

बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "मले वाटलं, मी चांगली झाली. तूच तं म्हने, रक्त साफ झालं."

हो, मीच म्हणाले होते. शरीर ती प्रतिपिंडं पुन्हा तयार करतं, हे मला ठाऊक होतं. माझं शिक्षणच ते आहे. पण कित्येक महिन्यांनी ती मोकळा श्वास घेत होती, तिच्या तोंडावरचा आनंद मला मोडवला नाही. मी अर्धंच सांगितलं, आणि त्या अर्ध्या बोलण्यावर विसंबून ती धुळीत जाऊन बसली. तिला मी आजवर हे बोलून दाखवलेलं नाही.

पातळी पुन्हा चढली आहे. आता आम्ही बाजारापासून लांब, लोणारला खोली केली आहे. मी तिथून रोज एसटीनं मेहकरला येते. काही दिवस बरे जातात, काही दिवस ती पुन्हा खुर्चीतच असते. डॉक्टर म्हणतात, परत गाळून बघू.

काल तिनं विचारलं, "असं किती खेपा गाळशीन मले?"

"लागतीन तेवढ्या."

"आन् दर खेपी ते भरूनच येईन?"

या वेळी मी खरं सांगितलं. "हाव माय. भरून येईन."

परवा पुण्याची तारीख आहे. तिनं अजून जायचंही म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.